तट्टूला सर्दी-खोकला झाला तर घरी काय करायचं (आणि काय अजिबात नाही)

आजचा लेख थोडा वेगळा आहे. एरवी मी इथे जिवाणूंच्या जनुकांबद्दल वगैरे लिहिते. आज एका तट्टूबद्दल लिहितेय, पण जिवाणू त्यातही आहेतच.

आमच्या बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरात कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी, शेजारी धबधबा. कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, लांबून दिंड्या चालत येतात. यात्रा म्हटली की लेकरं आली, आणि लेकरं आली की त्यांना पाठीवर बसवून फेरी मारणारं ठेंगणं तट्टूही आलं. यात्रा संपून चार-पाच दिवस झाले होते. मी घरी आले होते. ओळखीतल्या एकांनी विचारलं, "ताई, तुम्ही डॉक्टरकीचंच शिकता ना? आमच्या तट्टूला सर्दी झालीय, खोकतंय. ओवा, हळद, अडुळसा उकळून दोन दिवस पाजलं. खोकला वाढलाच."

मी डॉक्टर नाही, पशुवैद्य तर नाहीच. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करतेय, हे त्यांना सांगितलं. पण ज्या जिवाणूंच्या कुटुंबावर मी वाचत असते, त्यातलाच एक घोड्यांच्या नाकात राहतो. त्यामुळे निदान प्रश्न बरोबर विचारता आले. त्या दिवसापासून महिनाभरात जे वाचलं, पशुवैद्यांना जे विचारलं आणि डोळ्यांनी जे पाहिलं, ते इथे मांडते. तुमच्याकडे तट्टू असेल, लग्नातली घोडी असेल, मेंढरांच्या वाड्यासोबत फिरणारं बिऱ्हाडाचं घोडं असेल किंवा शहरात हौसेने पाळलेला मिनिएचर घोडा असेल, तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी घोड्याचं नाक समजून घेऊ

आपलं नाक चोंदलं की आपण तोंडाने श्वास घेतो. घोड्याला ते जमत नाही. त्याच्या घशातला मऊ टाळू आणि स्वरयंत्र एकमेकांत असे घट्ट बसलेले असतात की हवा फक्त नाकातूनच आत जाते. म्हणजे घोड्याची "साधी सर्दी" आपल्या साध्या सर्दीसारखी नसते. नाक बंद म्हणजे श्वासाचा एकमेव रस्ता अरुंद.

दुसरी गोष्ट. घोडा हा दिवसातले कितीतरी तास मान खाली घालून चरणारा प्राणी आहे. श्वासनलिकेतला चिकट द्रव बाहेर काढायला त्याला ह्या खाली घातलेल्या मानेचा मोठा उपयोग होतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी घोडे मान वर बांधून ठेवले आणि त्यांच्या श्वासनलिकेतला द्रव तपासला. काही तासांतच तिथे जिवाणूंची संख्या वाढायला लागली होती. हे घोडे आजारी नव्हते, फक्त त्यांची मान वर होती. टेम्पोत आखूड दाव्याने बांधून लांबचा प्रवास केलेल्या घोड्यांना न्यूमोनिया का होतो, त्याचं एक उत्तर इथे आहे.

यात्रेहून परत येताना आमचं तट्टू टेम्पोतच आलं होतं. मान वर, दावं आखूड, तीन तास.

खोकला म्हणजे एक आजार नाही

पहिली चूक आपण इथेच करतो. "खोकल्यावर काहीतरी द्या" असं म्हणतो. खोकला हे लक्षण आहे, त्याच्यामागे वेगवेगळी कारणं असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. म्हणून आधी पाहायचं. पाहायला फार काही लागत नाही.

*दोन्ही नाकपुड्यांतून पातळ, पाण्यासारखं वाहतंय, ताप नाही, खाणं व्यवस्थित.* धूळ, थंडी किंवा विषाणूची सुरुवात. लक्ष ठेवायचं.

*ताप नाही, नाकाला फारसं काही नाही, पण खायला सुरुवात केली की किंवा पळवलं की खोकतं, आणि हे आठवडेच्या आठवडे चालू आहे.* हा बहुतेक वेळा दमा असतो. हो, घोड्यालाही दमा होतो. त्याचं कारण बहुधा त्याच्या समोरच्या वैरणीत असतं. त्याबद्दल खाली.

*ताप आहे, दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट पिवळा शेंबूड, जबड्याखाली किंवा गळ्यापाशी गाठ, गिळायला त्रास.* हा स्ट्रँगल्स असू शकतो. अत्यंत संसर्गजन्य.

*एकाएकी तीव्र ताप, कोरडा खणखणीत खोकला, आणि दोन-चार दिवसांत आजूबाजूची सगळी घोडी खोकायला लागली.* घोड्यांचा फ्लू.

*एकाच नाकपुडीतून स्राव, आणि त्याला कुजका वास.* ही सर्दी नव्हे. दाढेच्या मुळाशी पू झालेला असू शकतो, तो सायनसमध्ये उतरतो. ठेंगण्या घोड्यांचं डोकं लहान आणि दाढा त्या मानाने मोठ्या, त्यामुळे त्यांच्यात दातांच्या तक्रारी जास्त.

*नाकातून हिरवट पाणी आणि चघळलेली वैरण येतेय, मान ताणून खोकतंय, लाळ गळतेय.* अन्ननलिकेत घास अडकलाय. कोरडी कुट्टी किंवा भुसा अधाशासारखा खाल्ला की असं होतं. खाणं-पाणी दोन्ही समोरून काढायचं, मान खाली राहू द्यायची आणि लगेच डॉक्टर. इथे काढा पाजलात तर तो सरळ फुप्फुसात.

*ठेंगणं, अंगाने भरलेलं तट्टू, आणि खोकताना भोंग्यासारखा आवाज.* मिनिएचर घोड्यांत आणि गाढवांत श्वासनलिका चपटी होण्याचा दोष दिसतो. औषधाच्या बाटलीने तो जात नाही.

*नाकातून रक्त.* थांबायचं नाही, फोन करायचा.

आणि एक नाव, ज्याची भीती वाटलीच पाहिजे

ग्लँडर्स. घट्ट, चिकट, कधी रक्ताळलेला स्राव, नाकपुडीच्या आत व्रण, अंगावर किंवा पायांवर गाठींची माळ आणि त्या फुटून वाहणं. हा जिवाणूचा आजार घोडा, खेचर, गाढव यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होऊ शकतो. ब्रिटिश काळात, 1899 मध्येच, भारतात ह्या एका रोगासाठी स्वतंत्र कायदा झाला होता. आज तो 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात आलाय. हा रोग लांबच्या देशातला नाही. 2006 मध्ये तो आपल्याच महाराष्ट्रात, पुणे-पाचगणी भागात, पुन्हा दिसला होता.

ह्या रोगात घरगुती तर सोडाच, कुठलाच उपचार करत नाहीत. जनावर पॉझिटिव्ह निघालं तर त्याला वेदनारहित मरण देऊन शास्त्रीय पद्धतीने पुरतात. मालकाला नुकसानभरपाईची तरतूद आहे. मला माहितेय, घोड्यावर पोट असणाऱ्या माणसाला हे वाचून पहिला विचार काय येतो: "मग दाखवायलाच नको." पण तुमचं लेकरू त्याच तट्टूच्या मानेला मिठी मारतं. संशय असला तर तपासणी टाळू नका. रक्ताचा नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत जातो. हरियाणातल्या हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथे ह्या रोगाच्या चाचण्यांवर वर्षानुवर्षं काम झालंय. बहुतेक खोकणारी तट्टं ग्लँडर्सची नसतात. पण "नाही" हे तपासूनच म्हणायचं असतं.

म्हणून नियम एकच: नाकातून घट्ट काही वाहत असेल तर ते उघड्या हाताने पुसायचं नाही. हातमोजे नसतील तर हाताला प्लास्टिकची पिशवी घाला, नंतर साबणाने हात धुवा. लेकरांना लांब ठेवा.

घरातलं सगळ्यात मोठं औषध: थर्मामीटर

मेडिकलमध्ये शंभर-दीडशे रुपयांना डिजिटल थर्मामीटर मिळतो. घोड्यासाठी वेगळा घ्या, त्याला दोरी बांधा (आत गेला तर काढायला), टोकाला व्हॅसलीन लावा, घोड्याच्या मागे नाही तर बाजूला, मांडीला चिकटून उभे राहा, शेपूट एकीकडे धरा आणि गुदद्वारात हळूच घाला. पीक वाजेपर्यंत धरून ठेवा.

मोठ्या घोड्याचा सामान्य ताप 99.5 ते 101.3 फॅरनहाइट, म्हणजे 37.5 ते 38.5 सेल्सियस. शिंगराचा थोडा जास्त असतो. आपल्याला 101 म्हणजे ताप, त्याला ते नॉर्मल. हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर उगाच घाबराल.

मग श्वास मोजा. सावलीत, शांत उभं असताना कुशीकडे पाहा. कूस एकदा वर-खाली झाली की एक श्वास. मिनिटाला 8 ते 16 ठीक. आरामात उभं असून 30 च्या वर जात असेल, नाकपुड्या फुगत असतील, पोट ओढून श्वास घेत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

आमच्या तट्टूचा ताप निघाला 103.4. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, हात लावला की मान झटकायचं. त्याच दावणीला मालकांच्या भावाची एक घोडी आणि तिचं शिंगरू, आणि पलीकडे दुसरं तट्टू. चौघांची बादली एकच.

1962 ह्या टोल फ्री नंबरवर फोन केला. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा हा नंबर आहे, तुमच्याही मोबाइलमध्ये असू द्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. नाकातला स्वॅब घेतला, रक्त घेतलं, आणि म्हणाले, "स्ट्रँगल्स दिसतोय. पण आधी फुप्फुसं ऐकू द्या. काढा पाजलाय म्हणता ना?"

काढ्याचं काय चुकलं?

अडुळशाला मी नावं ठेवणार नाही. अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचा घटक असतो. त्याच्याच रचनेवरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, जे तुमच्या-माझ्या खोकल्याच्या बाटलीत असतं. आजीच्या काढ्यात तथ्य होतं. पण दोन अडचणी आहेत. एक, तट्टूला किती द्यायचा याचं माप कुणाकडेच नाही. आणि व्हॅसिसीनचा गर्भाशयावर परिणाम होतो, म्हणून गाभण घोडीला तर अजिबात नको.

दुसरी अडचण मोठी. काढा द्यायची पद्धत. मान वर उचलायची, तोंडाच्या कोपऱ्यातून बाटली किंवा बांबूचा नळा घालायचा आणि ओतायचं. आजारी घोड्याचा घसा सुजलेला असतो, गिळायला त्रास होत असतो, त्यात मान वर. ओतलेल्यातलं थोडं पोटात जातं, थोडं श्वासनलिकेत. ओवा-हळदीचं पाणी फुप्फुसात गेलं की तिथे न्यूमोनिया सुरू होतो, आणि तो मूळ आजारापेक्षा घातक असू शकतो. पाजल्यावर लगेच खोकलं म्हणजे "औषध लागलं" असं नसतं. ते चुकीच्या नळीत गेलं असं असतं.

नशिबाने आमच्या तट्टूची फुप्फुसं फारशी बिघडलेली नव्हती. पण डॉक्टरांनी बांबूचा नळा हातात घेऊन एवढंच सांगितलं, "हा चुलीत घाला."

स्ट्रँगल्स: साडेसातशे वर्षांचा पाहुणा

आता थोडं संशोधन. हा रोग करणारा जिवाणू स्ट्रेप्टोकॉकस इक्वाय. आपला घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसचा चुलतभाऊ. इटलीत 1251 च्या सुमारास जॉर्डानस रुफस याने घोड्यांच्या आजारांवर लिहिलेल्या ग्रंथात ह्या रोगाचं वर्णन सापडतं. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हापासून हा रोग कागदोपत्री आहे, आणि अजून गेलेला नाही. का?

उत्तर घोड्याच्या गळ्यात आहे. कानाकडून घशाकडे येणाऱ्या नळीला घोड्यात दोन्ही बाजूंना एकेक हवेची पिशवी असते. प्रत्येकीत साधारण चहाचे तीन-चार कप मावतील एवढी जागा. गळ्यातली गाठ कधी बाहेरच्या बाजूला फुटते, ते आपल्याला दिसतं. कधी ती आत, ह्या पिशवीत फुटते. पू तिथेच साठतो, वाळतो, खड्यासारखा होतो. घोडा बरा होतो, चरतो, पळतो, आणि पिशवीतला जिवाणू जिवंत राहतो. बऱ्या झालेल्या घोड्यांपैकी दहात एकापर्यंत घोडी अशी छुपी वाहक राहू शकतात, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं.

2021 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 19 देशांतल्या 670 नमुन्यांमधल्या ह्या जिवाणूंचे जनुकसंच ताडून पाहिले. एका देशातल्या घोड्यातला जिवाणू आणि हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या देशातला जिवाणू जवळजवळ जुळे निघाले. म्हणजे घोड्यांची वाहतूक होते त्यासोबत हा जिवाणू जगभर फिरतोय. परदेशात विमानाने होतं ते आपल्याकडे टेम्पोने आणि यात्रेने होतं, एवढाच फरक.

आता ह्यातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगते. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो, आणि नाकातून जिवाणू बाहेर पडायला त्यानंतर साधारण एक-दोन दिवसांनी सुरुवात होते. म्हणजे तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या घोड्यांचा ताप मोजत असाल, तर ज्याला पहिल्यांदा ताप येईल त्याला रोग पसरवण्याआधीच वेगळं करता येतं. प्रयोगशाळा नको, महाग औषध नको.

आम्ही तेच केलं. मालकांच्या मुलीने वहीत चार रकाने आखले. दोनदा ताप, रोज. पाचव्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या तट्टूचा ताप 102.7 निघाला. नाक कोरडं, खाणं ठीक, बघून काही कळलं नसतं. त्याच रात्री ते आजारी बाजूला गेलं. तीन दिवसांनी त्यालाही गाठ आली. घोडी आणि शिंगरू मात्र शेवटपर्यंत ठणठणीत राहिले. ती वही मी बघितली तेव्हा मला माझ्या प्रयोगशाळेतल्या कित्येक नोंदींपेक्षा ती नीटनेटकी वाटली.

घरी खरंच काय करायचं

*वेगळं बांधा.* दुसऱ्या घोड्याच्या नाकाला नाक लागणार नाही एवढं लांब. बादली, तोबरा, खरारा, मोहरकी सगळं वेगळं. निरोग्यांचं आधी करायचं, आजाऱ्याचं शेवटी, मग हातपाय धुवायचे. हा जिवाणू कोरड्या जागी उन्हात दोन-तीन दिवसांत मरतो, पण ओल्या बादलीत आठवडेही टिकू शकतो. म्हणून बादल्या साबणाने घासून उन्हात पालथ्या घाला. आपल्याकडे ऊन फुकट आहे, वापरा.

*वैरण खाली ठेवा आणि ओली करा.* गव्हाण उंच असेल तर तिच्यातलं खाली पाटीत काढा. मान खाली राहिली की नाक आपोआप साफ होतं. कडबा, कुट्टी, गवत दहा मिनिटं ते अर्धा तास पाण्यात बुडवून निथळून द्या. श्वासात जाणारी धूळ आणि बुरशीचे कण ह्याने खूप कमी होतात. मात्र भिजवलेलं लगेच खाऊ घाला. उरलेलं दुपारपर्यंत आंबतं, ते टाकून द्या. अवकाळी पावसात भिजून काळा पडलेला कडबा घोड्याला भिजवूनही द्यायचा नाही. दम्याच्या घोड्याला तर औषधाच्या आधी हाच उपाय लागतो: धूळ बंद, दिवसभर मोकळी हवा.

*उपाशी ठेवू नका.* आपल्याकडे आजारात लंघन करायची पद्धत आहे. ठेंगण्या घोड्याला ते जिवावर बेतू शकतं. तट्टू, मिनिएचर, गाढव यांचं खाणं तुटलं की शरीर साठवलेली चरबी इतक्या वेगाने रक्तात सोडतं की यकृताला ती पेलवत नाही. अंगाने गुबगुबीत, गाभण किंवा दूध पाजणारी घोडी असेल तर धोका आणखी. एक दिवस काहीच खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मऊ हिरवा चारा, भिजवलेला कोंडा, जे आवडेल ते थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. कोमट पाणी ठेवा, गळा दुखत असताना थंडगार पाणी ते टाळतात. गूळ चवीपुरता, ढेपेचा तुकडा नको. ठेंगण्या घोड्यांना गोड जास्त झालं की खुरं दुखायला लागतात.

*गाठीला शेक द्या.* गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं, आपल्या हाताला सोसेल एवढंच गरम, दिवसातून तीन-चारदा. गाठ पिकून आपली आपण फुटू द्या किंवा डॉक्टर फोडतील. घरी ब्लेड लावायचं नाही, त्या जागी मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा आहेत. फुटल्यावरचा पू गोळा करून पुरा, शेणखताच्या ढिगावर टाकू नका.

*गोठा कोरडा ठेवा.* मुतारीचा झणझणीत वास येतो तो अमोनिया. तो श्वासनलिकेतल्या केसासारख्या बारीक तंतूंना इजा करतो. तुमच्या गुडघ्याच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या, ठेंगण्या तट्टूचं नाक तिथे असतं. थंडी म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री लावू नका. पाठीवर झूल घाला, हवा चालू द्या.

*आराम द्या.* ताप जितके दिवस होता, तितके आठवडे विश्रांती, हा ढोबळ नियम. फ्लूनंतर श्वासनलिकेचं अस्तर भरून यायला साधारण तीन आठवडे लागतात. 2008 मध्ये जम्मूजवळच्या कटऱ्यात, वैष्णोदेवीच्या वाटेवरच्या घोड्या-खेचरांत फ्लूची साथ आली आणि पुढे देशभर पसरली. रोजीचा घोडा उभा राहिला की घर उभं राहत नाही, हे खरं. पण खोकत्या घोड्याला राबवलं तर तीन आठवड्यांचं नुकसान कायमचं होतं.

आणि काय करायचं नाही

धुरी देऊ नका. ओव्याची असो, कडुनिंबाची असो, धूर हा धूरच. वाफ द्यायची असेल तर उघड्या बादलीत गरम पाणी लांब ठेवून, मान खाली असताना. तोंडाला पोतं बांधून नाही. ते नाकाने श्वास घेणारं जनावर आहे, गुदमरेल.

माणसाच्या गोळ्या देऊ नका. डोस वजनावर ठरतो आणि वजन आपण अंदाजाने मोठंच धरतो. टेपने छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 140, लांबी 130 असेल तर साधारण 215 किलो. मालकांना वाटत होतं साडेतीनशे असेल. त्या अंदाजावर तापाचं औषध दिलं असतं तर दीडपटीहून जास्त डोस गेला असता. हा आकडा डॉक्टरांना सांगायला ठेवा, स्वतः औषध काढायला नाही.

घरात उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. लिंकोमायसिनसारखं औषध माणसाला चालतं, पण तोंडावाटे दिलं तर घोड्याच्या मोठ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जीवघेणी हगवण लागू शकते. आणि स्ट्रँगल्समध्ये गाठ पिकत असताना अँटिबायोटिक द्यायचं की नाही हा पशुवैद्यांसाठीही विचार करण्याचा प्रश्न असतो, कारण कधी कधी त्याने गाठ पिकणं नुसतं लांबतं. तो निर्णय त्यांचा.

माळेगावचं काय झालं?

ग्लँडर्सचा अहवाल निगेटिव्ह आला. मालकांनी तो कागद घडी घालून देवघरात ठेवला. स्ट्रँगल्स मात्र होताच. दोघांच्याही गाठी फुटल्या, ताप उतरला, खाणं सुरू झालं. वीस-बावीस दिवसांत तट्टू बघायला अगदी पहिल्यासारखं.

आणि खरा पेच तेव्हा आला. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा असते. ठिकठिकाणचे घोडे तिथे येतात. फेऱ्यांची चांगली कमाई, एखादा सौदाही होतो. मालक म्हणाले, "आता तर नाक बी कोरडंय. न्यायला काय हरकत?"

हरकत त्या हवेच्या पिशवीत होती. नाक कोरडं झाल्यावरही काही आठवडे जिवाणू बाहेर पडत राहू शकतो. ओळीने तीन स्वॅब स्वच्छ आले, किंवा दुर्बिणीने पिशवी तपासून धुऊन पाहिली, तरच खात्रीने सांगता येतं. अशी तपासणी पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणी होऊ शकते. मराठवाड्यात परभणीला आणि उदगीरला अशी महाविद्यालयं आहेत. यात्रेआधी ते सगळं होणं शक्य नव्हतं.

मी गप्प बसले. त्यांच्या घरात महिन्याचे पैसे कुठून येतात हे मला माहीत होतं. माझी फेलोशिप दर महिन्याला येते (उशिरा का होईना), त्यांची नाही. मुलीनेच वही उघडली आणि म्हणाली, "आपल्यालाबी कपिलधारला कुणाच्या तरी कोरड्या नाकाच्याच घोड्यानं दिलं असंल ना, बाबा?"

माळेगावला कुणी गेलं नाही. तिथे दीड-दोन दिवसांची कमाई गेली, आणि ती मोठी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. महिनाभराने तीन स्वॅब झाले, तिन्ही स्वच्छ. पहिलं लग्न मिळालं ते त्यानंतर.

पुढच्या यात्रेसाठी त्यांनी तीन गोष्टी ठरवल्यात, तुम्हीही ठरवा: आपली बादली आपली, दुसऱ्याच्या हौदावर पाणी पाजायचं नाही. टेम्पोत दावं लांब, आणि दर दोन-तीन तासांनी उतरवून मान खाली घालू द्यायची. परत आल्यावर तीन आठवडे घरच्यांपासून वेगळं बांधायचं आणि रोज दोनदा ताप मोजायचा. थर्मामीटर आता गोठ्याच्या खांबाला दोरीने टांगलेला आहे. शेजारी वही.